बर्फातली सायकलिंग: या चुका टाळा

पुण्याहून अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला आल्यापासून माझे नऊ हिवाळे सायकलवर गेलेत. दर नोव्हेंबरला इथली नवी मराठी मंडळी विचारतात, 'थंडीत सराव टिकवायचा कसा?' आणि जानेवारी उजाडेपर्यंत कुणी आपटलेलं असतं, कुणी सायकल गॅरेजात टांगून मोकळं झालेलं असतं. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात महाग पडते ती टायरची चूक. 'रुंद, खोल नक्षीचा टायर आहे, पुरेल' असं पहिल्या वर्षी मीही म्हटलं होतं. भुसभुशीत बर्फात तो पुरतोही. पण काचेसारख्या थरावर नक्षीला पकडायला काही नसतं, तिथे रबरातून डोकावणारे कार्बाइडचे खिळेच लागतात. मी हे मिडटाउन ग्रीनवेवर शिकले. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर केलेला हा नऊएक किलोमीटरचा सायकलमार्ग. आदल्या दुपारी बर्फ वितळला होता आणि रात्री पारा पुन्हा उतरला. सकाळी मार्ग कोरडा ठणठणीत, म्हणून हायवाथा रस्त्यावरच्या पुलावरही मी वेग तसाच ठेवला. उतारावर हातभर पट्टा नुसता ओला दिसत होता. ब्रेकला बोट लावलं आणि पुढचं चाक कुणी ओढून घ्यावं तसं निघून गेलं. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे घरी, आणि मे महिन्यातली २०० किलोमीटरची बीआरएमही (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) हुकली.

पुलाला खालूनही गार वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या भरवशावर राहू नका. रस्त्याचं तापमान उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही. डिसेंबरात ओला दिसणारा प्रत्येक तुकडा मी बर्फच समजते: ब्रेक नाही, वळण नाही, सरळ पार.

खिळ्यांचा एकच टायर परवडत असेल तर तो पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर बरेचदा सावरता येतं, पुढचं घसरलं की संपलं. नवा टायर पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या डांबरावर, जोरात ब्रेक न दाबता चालवायचा, म्हणजे खिळे नीट बसतात. उतावळ्या लोकांना एवढाही धीर नसतो. आज टायर चढवला की उद्या बर्फावर सुसाट, आणि मग खिळे गळाले म्हणून तक्रार. टायरला झिप टाय (आवळून बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) बांधायचा जुगाड तर मला मुळीच मान्य नाही. चाकाच्या कडेवर दाबणारे रिम ब्रेक असतील तर चाकच फिरत नाही, आणि डिस्क ब्रेक असले तरी डांबरावर ते तुटतात.

दुसरी चूक मायेपोटी होते: सायकल उबदार घरात आणणं. बर्फ वितळून खारं पाणी साखळीत आणि केबलच्या नळीत शिरतं, आणि सकाळी बाहेर पडल्यावर तिथेच गोठतं. गिअर हलेनासा होतो. माझी सायकल थंड गॅरेजातच राहते. घरात घेतलीच तर पूर्ण सुकल्याशिवाय बाहेर काढत नाही. साखळी मात्र रोज पुसते, कितीही दमले तरी. पेडल रिकामंच फिरायला लागलं तर फ्रीहबमधलं, म्हणजे पेडलचा जोर मागच्या चाकाला देणाऱ्या भागातलं, ग्रीस थिजलंय असं समजा. थंडीआधी ते साफ करून पातळ तेल घालून घ्या.

कपड्यांचं थोडक्यात: निघताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर पंधरा मिनिटांत घामाने भिजाल, आणि परतताना तोच घाम गारठवेल.

वेगाकडे बघू नका. जाड कपडे, जड टायर, दाट गार हवा, वेग पडणारच. मी हिवाळ्यात किलोमीटर नाही, तास मोजते, तेही बोलता येईल इतक्याच जोराने. उणे १५च्या खाली सरळ घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बसते. तिथे मोठा पंखा हवाच, नाहीतर अर्ध्या तासात जीव नकोसा होतो.

आणि मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं म्हणून टायर बदलू नका. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, पहाटे तोच ओला पट्टा पुन्हा तयार. माझे खिळे एप्रिलच्या मध्यापर्यंत चाकावरच असतात.