पुडलला पाण्यातून वस्तू आणायला कसे शिकवावे

पुडल हा मुळात पाण्यात काम करणारा कुत्रा आहे. त्याचा उगम जर्मनीतला असल्याचे बहुतेक जाणकार मानतात, तर एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था त्याची नोंद फ्रान्सची जात म्हणून करते. काम मात्र दोन्हीकडे एकच होते, ते म्हणजे शिकाऱ्याने पाडलेले बदक थंड पाण्यात पोहत जाऊन, दातांनी न फाडता, काठावर आणून देणे. भिजलेल्या केसांचे ओझे होऊ नये म्हणून त्याच्या मागच्या अंगावरचे केस कापले जात आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेथले राखले जात. आज निव्वळ शोभेची वाटणारी ती ठेवण या कामातून आली आहे. मिनिएचर आणि टॉय हे लहान आकार स्टँडर्ड या मोठ्या आकारापासूनच घडवले गेले, त्यामुळे वस्तू आणून देण्याची ओढ त्यांच्यातही आढळते आणि ती दडपून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

शिक्षणाची सुरुवात घरातच करावी. अरुंद बोळात कापडाची मऊ गुंडाळी थोड्या अंतरावर टाकावी, पिल्लाने ती उचलताच आनंदाने हाक मारून जवळ बोलवावे आणि खाऊ देऊन वस्तू सोडवून घ्यावी. तोंडातली वस्तू कधीही ओढू नये, कारण ओढाताणीची सवय लागलेला कुत्रा वस्तू घट्ट चावून धरतो. हे पक्के झाल्यावर पोटापर्यंतच्या पाण्यात तरंगणारे खेळणे टाकावे. पाण्यात ढकलण्याची घाई करू नये. आपण आधी उतरावे, तो मागोमाग येतो.

जागा निवडताना सर्वाधिक काळजी घ्यावी. सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रात कुत्रा सोडू नये, कारण हरिपूर, डिग्रज, भिलवडी या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि पावसाळ्यात प्रवाहही अतिशय ओढीचा असतो. शेततळे सोयीचे वाटते, परंतु त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर पंजे टिकत नाहीत आणि चांगला पोहणारा कुत्राही बाहेर येता न आल्याने दमून बुडू शकतो. म्हणून एका बाजूला काथ्याची जाळी किंवा खडबडीत फळी तळ्याच्या आतपर्यंत पक्की बांधावी, तिच्यावरून चढ-उतर करण्याचा सराव आधी घ्यावा, कुत्र्याला लाइफ जॅकेट घालावे आणि कोणीतरी सतत काठावर उभे राहावे. पाण्यावर हिरवा तवंग असल्यास त्या दिवशी उतरवू नये. लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या रोगाच्या लसीबाबत पशुवैद्यकाला आधीच विचारावे.

पोहून झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुवून अंग त्वचेपर्यंत कोरडे करावे. पुडलचे गळालेले केस खाली पडण्याऐवजी कुरळ्या केसांतच अडकतात, त्यामुळे ओल राहिली की गुंता घट्ट बसतो. केसांचे भाग पाडून मुळापासून टोकापर्यंत आधी ब्रश आणि मग स्टीलचा कंगवा फिरवावा. उन्हाळ्यात केस आखूड ठेवावेत, पण त्वचा उघडी पडेल इतके कापू नयेत. लोंबत्या कानांत ओल साचून संसर्ग होतो, म्हणून बाहेरचा भाग मऊ कापडाने पुसावा आणि कान खाजवत असल्यास किंवा वास येत असल्यास लगेच दाखवावे. उसाच्या बांधावरून परतल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि काखेत कुसळे व गोचीड न चुकता शोधावेत.