हार्मोनच्या सुईआधी दावणीत काय पडतंय ते बघा

साखर कारखाने सुरू झाले की गोठ्यात वाढ्यांचे (उसाच्या शेंड्यांचे) भारे येऊन पडतात आणि हिरवा चारा मागे पडतो. म्हशी माजावर येण्याचा काळही हाच, साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे जनावर भरवायच्या (रेतन करायच्या) ऐन दिवसांत त्याच्या पोटात नुसते वाढे! वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, ते जनावराच्या अंगी लागत नाही. स्फुरद (फॉस्फरस) तर वाढ्यांत आणि कडब्यात मुळातच कमी. मग जनावर माज दाखवत नाही, किंवा भरवले तरी उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. गाय चिंध्या, हाडे चघळताना दिसली तर आधी स्फुरदाच्या कमतरतेची शंका घ्या.

वाढे द्यायचेच असतील तर कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा. जोडीला गव्हाचा कोंडा, पेंड आणि जमेल तेवढा लसूणघास द्या. मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात (पेंड-कोंड्याच्या खुराकात) कालवून द्या. पुड्यावर आयएसआयची खूण बघून घ्या. मीठ वेगळे, साधारण 30 ग्रॅम. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून पुडा बाजूला टाकू नका. बीजांड वाढून पक्व व्हायला महिने लागतात, त्यामुळे व्याल्यापासून खंड न पाडता मिश्रण चालू ठेवा. जंताचे औषधही याच काळात उरकून घ्या.

पुष्कळदा माज येऊन गेलेला असतो, आपल्या नजरेतून सुटतो. म्हशीचा माज मुका. ती फारशी ओरडत नाही. पहाटे बसलेल्या म्हशीच्या मागे काचेसारखा पारदर्शक बळस (चिकट स्राव) पडलेला दिसतो, ती थोडी-थोडी लघवी करते, दूध चोरते. म्हणून पहाटे आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात एक चक्कर माराच.

व्याल्यावर 60 ते 70 दिवस झाले तरी माज नसेल, तर डॉक्टरांना बोलावून गर्भाशय आणि अंडाशय तपासून घ्या. तपासल्याशिवाय प्रोस्टाग्लॅन्डिनची (माज आणणाऱ्या हार्मोनची) सुई टोचू देऊ नका. माज नाही म्हणून दाखवलेले जनावर गाभणही निघू शकते, आणि या औषधाने गर्भ पडतो. गरोदर बाईने आणि दमा असलेल्यांनी ते हाताळूसुद्धा नये.

माज जुळवून आणायचा एक नेहमीचा क्रम असा: सोमवारी संध्याकाळी जीएनआरएच (बीजांड सुटायला लावणारे हार्मोन), पुढच्या सोमवारी संध्याकाळी प्रोस्टाग्लॅन्डिन, त्याच बुधवारी संध्याकाळी पुन्हा जीएनआरएच आणि गुरुवारी रेतन. शेवटच्या सुईनंतर 16 ते 20 तासांत रेतन झाले पाहिजे, माज दिसो वा न दिसो. अंडाशय अगदीच थंड, म्हणजे काम करत नसेल तर डॉक्टर योनीत काही दिवस ठेवायचे प्रोजेस्टेरॉनचे साधन सुचवतात. मात्र बरगड्या वर आलेल्या गाईवर हा खर्च आत्ता करू नका; आधी दोन महिने तिला नीट खाऊ घाला.

रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. 18 ते 24 दिवसांनी पुन्हा माज येतो का यावर नजर ठेवा, आणि आला नाही तरी अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या.