शेंगाचटणीसाठी जिरं: स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वेत कोणतं पाकीट घ्यायचं

सोलापुरातून नेलेली शेंगाचटणी संपली की ती तिथेच करायची ठरते, आणि फसगत होते जिऱ्यात. स्वीडनच्या दुकानात ‘कुमिन’ दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. पण कुमिन म्हणजे कॅरवे, आपल्याकडे शहाजिरं म्हणून विकतात त्यातलं. जिऱ्याला स्वीडिशमध्ये ‘स्पिसकुमिन’ म्हणतात. डॅनिशमध्येही तीच गत: ‘कोमेन’ नको, ‘स्पिसकोमेन’ हवं. नॉर्वेत घोटाळा कमी, कारण कॅरवेचं नावच वेगळं, ‘कार्वे’; जिरं ‘स्पिसकुमेन’. तिन्हीकडे जिऱ्याचा शब्द एस-पी-आय या अक्षरांनी सुरू होतो, तेवढं बघा. ‘स्वार्तकुमिन’ म्हणजे कलौंजी, तिच्या वाटेला जाऊ नका.

पाकिटावर ‘हेल’ म्हणजे अख्खं. तेच घ्या, पूड नको. पुडीचा वास लवकर उडतो आणि दाणा बघून खात्रीही करता येत नाही. कॅरवेचा दाणा गडद तपकिरी, कोयरीसारखा वाकलेला, त्यावर फिकट रेघा. जिरं त्याहून फिकट आणि सरळ. नक्की कळत नसेल तर चार दाणे तळहातावर चुरडा: बडीशेपेकडे झुकणारा गोडसर वास आला तर कॅरवे.

आता चटणी. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर, सालं सहज सुटेपर्यंत भाजा. आच मोठी झाली तर वरून काळे, आतून कच्चे राहतात. पूर्ण गार झाल्यावर सालं काढा. दहा-बारा लसूण पाकळ्या, चहाचा एक चमचा जिरं आणि दीड चमचा मीठ आधी कुटा, मग तीन चमचे लाल तिखट आणि दाणे घाला. तेल सुटून चटणी बोटांत दाबली की गोळा धरला पाहिजे. उखळ तिथे कुठून मिळणार! मिक्सर चालेल, पण थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलात तर पीनट बटर होतं. तिकडच्या सौम्य पॅप्रिकाला तिखट समजू नका, त्यात रंग भरपूर आणि झणका जवळपास नाही.

कॅरवे घालून चटणी झालीच असेल तर ती सुधारत नाही. जास्त लसूण घालूनही तो गोडसर वास दबत नाही. उरलेलं पाकीट कोबीच्या भाजीत चिमूटभर घालून संपवा.