घरासाठी अलार्म घेताय? आधी घराभोवती एक चक्कर मारा

दुकानात जायच्या आधी वही घेऊन घराभोवती फिरा, चोर कुठून येईल ते बघा, मेन दरवाजा तर झालाच पण मागचं दार आणि बाथरूमची ती छोटी खिडकी सगळेच विसरतात. जिथं दार-खिडकी उघडते तिथं मॅग्नेटिक सेन्सर पुरतो, दोन तुकडे असतात, एक चौकटीला, एक दाराला, लांब गेले की अलार्म. पण काच फोडून कोणी आत आलं तर तो गप्पच बसतो हां, म्हणून पॅसेजमध्ये एक मोशन सेन्सर हवाच.

हा मोशन सेन्सर म्हणजे पीआयआर, अंगाची उष्णता हलली की त्याला कळतं, आणि माणूस समोरून सरळ चालत आला त्यापेक्षा आडवा गेला तर लवकर पकडतो, म्हणून कोपऱ्यात साधारण २ मीटरच्या वर लावायचा, हीटर किंवा उन्हाच्या खिडकीकडे तोंड करून अजिबात नाही, नाहीतर उगाच बोंबलत राहील. घरात मांजर-कुत्रा असेल तर पेट-इम्यून वालाच घ्या, म्हणजे जमिनीवर फिरणाऱ्या छोट्या प्राण्यांकडे दुर्लक्ष करणारा, तरी मांजर कपाटावर चढली की बोंबाबोंब होतेच!

लाईट गेली तर बॅटरी किती तास चालते, वायफाय बंद पडलं तर सिमवरून मेसेज येतो का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. महिन्याची फी आहे का तेही विचारा. आणि आजी-आजोबांना कीपॅड वापरता येतो का ते आधी बघा, घरात शिरल्यावर अलार्म बंद करायला साधारण ३० सेकंदात कोड टाकावा लागतो, तेव्हा हात थरथरला की सायरन सुरू, मग दुसऱ्या दिवसापासून कोणी अलार्म लावतच नाही.