विंडोज सोडून लिनक्सवर जाताना मराठी फायली सुखरूप कशा न्याव्यात

विंडोज १०चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर बसत नाही. चांगला चालणारा संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम टाकणं केव्हाही बरं. फक्त ‘सगळं सिलेक्ट करा, कॉपी-पेस्ट करा, झालं’ या सल्ल्यावर विसंबू नका. आंबा बागेचे हिशेब, ग्रामपंचायतीचे अर्ज, देवळाच्या वर्गणीच्या याद्या वर्षानुवर्षं मराठीत टाइप केलेल्या असतील, तर फायली सगळ्या पोचतात आणि उघडल्यावर आत मराठी नसतं.

फायली ज्यावर कॉपी करायच्या तो नवा बाहेरचा ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (फायली मांडून ठेवण्याची विंडोजची पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही; रात्रभराच्या दशावताराचं सलग रेकॉर्डिंग तिथेच अडकेल. एक्सफॅटही नको. त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट नोंदी सावरणं अवघड होतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि डेस्कटॉप यूपीएसवरच चालवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल, तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडवर वीज पालटताना लागणाऱ्या क्षणात डेस्कटॉप बंद पडू शकतो. खाऱ्या हवेने यूएसबीच्या पट्ट्यांवर थर चढतो; कॉपी सारखी तुटत असेल तर ड्राइव्हला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर तुम्ही घ्यालच. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर ढगाचं चिन्ह असलेल्या फायली तुमच्या मशीनवर नाहीत, नुसती नावं आहेत. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कायम या डिव्हाइसवर ठेवा’ हा पर्याय निवडा आणि सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबा. टॅलीचा डेटा अनेकदा या फोल्डरांच्या बाहेर असतो. त्याचा पत्ता टॅलीतच बघून तो फोल्डर वेगळा उचला. ब्राउझरचे बुकमार्क एक्सपोर्ट करा.

आता फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे सुरेख-योगेश हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, पाळत नाहीत. त्यांच्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, मराठी दिसते ती केवळ फॉन्टमुळे. नव्या सिस्टीमवर तो फॉन्ट नसेल तर लिबरऑफिस दुसरा कुठला तरी लावतं आणि पानभर अगम्य अक्षरं दिसतात. ‘फाइल खराब झाली’ म्हणून ती पुसू नका, ती शाबूत आहे.

म्हणून विंडोज सोडण्याआधी जुन्या फायली वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर दिसणाऱ्या फॉन्टचं नाव कागदावर लिहून घ्या. शीर्षकाला एक, मजकुराला दुसरा असं सर्रास असतं, तेव्हा दोन्ही बघा. मग सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून ते फॉन्ट कॉपी करा. तिथे सापडले नाहीत तर ते एकाच युजरसाठी बसवलेले असतील. मग तुमच्या युजर फोल्डरमधला लपलेला अ‍ॅपडेटा फोल्डर शोधा. लिनक्सवर फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की झालं.

ज्या कागदांत पुढे बदल करायचा नाही, त्यांची विंडोजवर असतानाच पीडीएफ काढा. फॉन्ट सहसा पीडीएफमध्येच सामावतो. पुढे वापरायच्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण त्याच फॉन्टसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला लावला तर कचराच हाती येतो. बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे ‘शिर्के’सारख्या नावात दोन्हीकडून घोळ होऊ शकतो. मतदारयादी किंवा सभासदयादी असेल तर प्रत्येक नाव डोळ्यांखालून घाला. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका.

दुसरी अडचण फायलींच्या नावांची, आणि ही फारसं कोणी सांगत नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ या एका शब्दात ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. ८५च्या आसपास चिन्हं झाली की नाव संपलं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात, म्हणून तिथे अख्खं वाक्य नाव म्हणून देता येतं आणि लिनक्सवर तीच फाइल ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. अशी नावं विंडोजवरच ५०-६० चिन्हांवर आणा.

नुसत्या ओढून केलेल्या कॉपीपेक्षा टेराकॉपी हे कॉपी करण्याचं सॉफ्टवेअर वापरा आणि त्यातली पडताळणी चालू ठेवा. झिप करू नका. एका ठिकाणी बिघडलं तर सगळं गठुडं अडकू शकतं. झाल्यावर दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ जुळेलच असं नाही, त्याची काळजी नको. ड्राइव्ह इजेक्ट करूनच काढा.

जुनी डिस्क पुसण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, फॉन्ट बसवा, आणि नव्या ड्राइव्हवरचे जुने हिशेब, एक पत्र, एक मोठा व्हिडिओ उघडून बघा. जुनी डिस्क लिनक्समधून नुसती वाचता येत असेल, लिहिता येत नसेल, तर बहुधा विंडोजचं फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) चालू आहे. विंडोजमध्ये परत जा आणि शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा. सगळं नीट उघडलं की इन्स्टॉल करा. पण फॉरमॅट केल्यावर हा ड्राइव्हच एकमेव प्रत उरतो, तेव्हा त्याआधी दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत काढा आणि ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.