पेन टॅब्लेटवर चित्र काढायला शिकताना: बांगडीपासून कापशी चपलेपर्यंत

नवीन पेन टॅब्लेट (कॉम्प्युटरला जोडून पेननं चित्र काढायची पाटी) घेतलेल्याचा पहिला फोन ठरलेला असतो, "अरे, यावर साधी सही पण नीट येईना!" चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली माणसंसुद्धा पहिल्या दिवशी बालवाडीतल्या पोरासारख्या रेघा मारतात. कागदावर हात आणि डोळा एकाच जागी असतात. इथं हात टेबलावर आणि डोळा समोरच्या स्क्रीनवर. या दोघांची नव्यानं ओळख व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बहुतेक टॅब्लेट कपाटात जातात.

खरेदीवर फार डोकं लावू नका. सुरुवातीला स्क्रीन नसलेला साधा टॅब्लेट बास. स्क्रीनवाल्याची किंमत कितीतरी पट असते. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांतला कुठलाही चालेल. पेन किती जोरानं दाबलं हे ओळखण्याच्या ८१९२ वगैरे पातळ्या खोक्यावर छापलेल्या असतात. २०४८ आणि ८१९२ मधला फरक नवशिक्या हाताला कळत नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पेन बिनबॅटरीचं आहे ना आणि सोबत जादा निबा (पेनची टोकं) दिल्यात ना, एवढं बघा.

आधी मांडणी

टॅब्लेट लावण्याआधी जुना ड्रायव्हर (टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर काढून टाका, कंपनीच्या साइटवरून नवा घ्या आणि कॉम्प्युटर एकदा बंद-चालू करा. टॅब्लेट स्क्रीनच्या बरोबर समोर, सरळ ठेवा. वहीसारखा तिरका ठेवलात तर आडवी रेघ चढणीला लागते आणि दोष हाताला जातो. मी पहिला आठवडाभर हेच केलं होतं.

आता घरातली एक काचेची बांगडी मागून घ्या. धातूची नको, पेनच्या सिग्नलमध्ये गडबड होऊ शकते. ती टॅब्लेटवर ठेवून आतल्या कडेनं पेन फिरवा. स्क्रीनवर गोल उमटला तर ठीक. आडवा लंबगोल आला, तर टॅब्लेट आणि स्क्रीनचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नाही. बरेच टॅब्लेट १६:१० असतात आणि लॅपटॉपची स्क्रीन १६:९. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण राखण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. टॅब्लेटची एक पट्टी वाया जाते, जाऊ द्या. हे न करता सहा महिने चेहरे काढणारे लोक मी बघितलेत, सगळ्यांचे गाल फुगलेले!

चित्र काढायचं सॉफ्टवेअर म्हणून क्रिता घ्या, फुकट आहे आणि चांगलं आहे. रेघ दाबानुसार जाड-बारीक होत नसेल, तर कॉन्फिगर क्रितामध्ये टॅब्लेट सेटिंग्ज उघडा. विंडोजवर तिथं विंटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय दिसतील. एक चालेना तर दुसरा निवडा आणि क्रिता बंद करून परत उघडा. तिथंच दाबाचा आलेखही आहे. पेन फार रेटावं लागत असेल तर आलेख वरच्या बाजूला उचला. रेटून काढलं की मनगट दुखतं आणि निब झिजते.

पहिले पंधरा दिवस

पहिले दोन दिवस चित्र काढूच नका. माउस बाजूला ठेवा आणि फोल्डर उघडणं, फोटो बघणं, सगळं पेननं करा. पेन टॅब्लेटला न टेकता थोडं वर धरलं तरी कर्सर हलतो, ही सवय अंगी लागू द्या.

मग रोज पंधरा मिनिटं: दोन ठिपके द्या, एका झटक्यात जोडा. नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा, हाताकडे बघू नका. लांब रेघ कोपरातून, छोटी मनगटातून. त्यानंतर बारीक सुरू होऊन मधे जाड आणि शेवटी पुन्हा बारीक होणाऱ्या रेघा. कंट्रोल-झेड दाबून रेघ मागं घ्यायची नाही. चुकलेली रेघ समोर राहिली तरच पुढची सुधारते.

फ्लेक्स यायच्या आधी पाट्या रंगवणारे पेंटर एका काठीवर मनगट टेकवून अक्षरं काढायचे, आठवतंय? क्रितामधलं स्टॅबिलायझर म्हणजे तीच काठी. हात थरथरला तरी रेघ सरळ येते. सुरुवातीला मात्र स्टॅबिलायझरऐवजी बेसिक या साध्या पर्यायावरच राहा, काठीची सवय पुढं सोडवत नाही.

पहिलं चित्र: चप्पल

दारातली कापशी चप्पल, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, समोर घ्या. कान, पट्टा, अंगठा, वेणी, गोंडा, सगळं वेगवेगळ्या जाडीच्या रेघांचं काम. कागद ए-४, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. लॅपटॉप जुना असेल तर १५० डीपीआय करा, नाहीतर ब्रश हाताच्या मागं रेंगाळतो.

तीन लेयर पुरेत, लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. सगळ्यात खाली कच्चं: नुसता तळव्याचा आकार आणि पट्टा कुठून कुठं जातो तेवढं. त्याचा गडदपणा ३० टक्क्यांवर आणा. सगळ्यात वर रेघांचा लेयर, आणि दोन्हींच्या मधे रंगाचा. वेणी काढताना एकेक पेड मोजू नका. आधी दोन कडा काढा, मग आत सारखे तिरके इंग्रजी एस. वळणाच्या आतल्या बाजूला ते दाटीनं येतात, बाहेरच्या बाजूला मोकळे. ही दाटी जमली की कातडं वळल्यासारखं दिसतं.

रंग भरण्याआधी कुठल्या लेयरवर आहोत ते बघा. मी एकदा अख्खा तांबूस रंग रेघांच्या लेयरवर भरला आणि फाइल बंद केली. गोंडा पुन्हा काढावा लागला.

मधे मधे एम दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटं बघा, वाकडेपणा लगेच दिसतो. कागद ४ आणि ६ नं फिरतो, ५ नं सरळ होतो. खोडायला ई, ब्रश लहान-मोठा करायला चौकटी कंस. एवढी बटणं पाठ झाली की डावा हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. ब्रश एकच ठेवा. शंभर ब्रश डाउनलोड करणं हा चित्र न काढण्याचा उत्तम बहाणा आहे.

"मशीनच काढतंय की सगळं" असं कुणी म्हणेलच. सिनेमाचा कॅमेरा गावातच तयार करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात हे ऐकून घ्यायची गरज नाही.

तीच चप्पल आठवडाभर रोज काढा, एकदा वरून, एकदा बाजूनं, एकदा उपडी. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी एकट्या रंकाळा तलावाची किती चित्रं केली! विषय तोच असला की हाताची प्रगती स्पष्ट दिसते.

मूळ फाइल केआरए या क्रिताच्या स्वतःच्या प्रकारात ठेवा, दाखवायला पीएनजी काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढी मेहनत घेतलेली वेणी धूसर होऊन नुसता तांबडा पट्टा दिसतो.