इतिहासाच्या तासांचे आठवड्याचे नियोजन आणि मुलांना द्यायच्या सूचना : सोलापूरच्या माध्यमिक शिक्षकांसाठी

आधी तासिका मोजा, मग पाठ वाटा. उलटे केले की गणपतीपर्यंतच गाडी मागे पडते.

दहावीचा हिशेब असा मांडता येतो. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत साधारण २८ आठवडे. दिवाळीची सुटी, घटक चाचणी आणि सत्र परीक्षा वजा केल्या की शिकवायला २२ उरतात. इतिहास-राज्यशास्त्राला आठवड्याला तीन तासिका धरल्या तर ६६ झाल्या. त्यातल्या ११ सण, स्थानिक सुट्या, स्पर्धा आणि प्रशिक्षणात जाणार हे आधीच धरून चाला. हाती ५५ राहतात. इतिहासाचे ९ आणि राज्यशास्त्राचे ५ मिळून पाठ १४. इतिहासलेखनाचे दोन्ही पाठ, भारतीय कलांचा इतिहास आणि राज्यशास्त्रातला चळवळींचा पाठ हे चार जड आहेत, त्यांना चार-चार तासिका द्या. बाकीच्या दहांना तीन-तीन. एकूण ४६. उरलेल्या ९ फक्त उत्तरलेखनाच्या. पाठ रेंगाळला म्हणून त्या खर्च करू नका, कारण जानेवारीत पूर्वपरीक्षा लागली की लिहून घ्यायला वेळच मिळत नाही. मुलांचे गुण सहसा लिखाणात जातात, पाठ कळला नाही म्हणून नव्हे.

पाठांचा क्रम पुस्तकातलाच हवा असे नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत निम्म्या वर्गाकडे पुस्तक नसते, नवे प्रवेश चालू असतात, आणि पहिल्याच पाठात व्हॉल्टेअर, रांके, फुको अशी नावे समोर येतात. त्यापेक्षा ‘खेळ आणि इतिहास’ किंवा ‘पर्यटन आणि इतिहास’ने सुरुवात करा. मुले बोलती होतात, आणि साधन म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय हे ओळखीच्या उदाहरणांतून आधी पोचते. घटक चाचणीचा पोर्शन शाळेत आधीच ठरत असेल तर हा बदल जूनमध्येच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

आठवड्याचा कागद

शुक्रवारी शेवटच्या तासानंतर पुढच्या आठवड्याचा एकच कागद करा. टाचण, म्हणजे पाठाची रीतसर नोंद, वहीत जाते, मुख्याध्यापकांची सही घेते. हा कागद तुमच्या रोजच्या वापराचा. त्यावर पाच रकाने आखा : वार आणि तासिका, पुस्तकातली पाने, वर्गात मुले काय करणार, वहीत काय उतरणार, आणि शेवटचा ‘प्रत्यक्षात काय झाले’. पाचवा रकाना कोरा ठेवून तास संपल्या संपल्या भरा. पुढच्या वर्षीचे नियोजन याच रकान्यावरून होते. तो दुसऱ्या दिवशी भरायचा म्हटले की आठवत नाही, मग आपण ठरवलेलेच झाले असे लिहून मोकळे होतो.

तिसऱ्या रकान्यात ‘स्पष्टीकरण’ हा शब्द आला तर खोडा. स्पष्टीकरण शिक्षक करतो, मुले काय करतात ते लिहायचे आहे : उतारा वाचून दोन वाक्ये काढतील, नकाशावर खूण करतील, जोड्यांतली चुकीची जोडी शोधतील.

प्रत्येक आठवड्याला प्रश्नाचा एकच प्रकार पकडा. दहावीच्या इतिहासाच्या २८ गुणांत पर्याय निवडणे, चुकीची जोडी, संकल्पनाचित्र, टिपा, सकारण स्पष्ट करा, उतारा आणि सविस्तर उत्तर असे सात प्रकार येतात. सात आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते. सगळे प्रकार एकाच आठवड्यात उरकले की ‘टीप’ आणि ‘सकारण’ यांतला फरक शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. मुले कारण विचारले तरी माहिती लिहीत राहतात.

आठवीचा जानेवारीतला एक आठवडा

सविनय कायदेभंगाच्या पाठात सोलापूर येते, आणि तो पाठ इथल्या शाळेत नुसता वाचून पुढे जाण्याचा नाही. अडचण तारखांची आहे. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, मे १९३० मधला. मेमध्ये शाळा बंद. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली, म्हणजे शाळा चालू असताना येणारी तारीख ही एकच. पण तेव्हाच गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेची धामधूम असते आणि हजेरी घसरते. म्हणून हा भाग त्याच्या आधीच्या आठवड्यात घ्या.

पहिल्या तासाला फळ्यावर पाचच नोंदी : १२ मार्च १९३० दांडीयात्रेला सुरुवात, ६ एप्रिल मिठाचा कायदा मोडला, ५ मे गांधीजींना अटक, मे १९३० सोलापुरात हरताळ आणि मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ चौघांना फाशी. दोन नोंदींच्या मधली जागा मोकळी सोडा आणि ‘यामुळे पुढे काय झाले’ हे एका वाक्यात मुलांकडून भरून घ्या. चौघांची नावे मुलांना पाठ असतात, पण गिरणी कामगार रस्त्यावर का आले ते सांगता येत नाही. ती फट इथे भरायची. दुसऱ्या तासाला शहराचा साधा नकाशा काढून स्टेशन, जुनी मिल, चार हुतात्मा चौक आणि आपली शाळा मांडून घ्या. तिसऱ्या तासाला ‘सोलापूर सत्याग्रह’ ही टीप, दहा मिनिटांत, सहा ते आठ ओळी, पुस्तक मिटून.

गृहपाठ एकच : घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठ माणसाला गिरण्यांबद्दल एक प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिणे. उत्तर तेलुगू, कन्नड किंवा दखनीत आले तर तसेच देवनागरीत लिहू द्या, खाली मराठीत अर्थ. मौखिक साधन म्हणजे काय हे त्या चार ओळींनी समजते. हा गृहपाठ गुरुवारी द्या, कारण घरची मोठी माणसे रविवारी निवांत सापडतात. सोमवारी दिला तर मुले मनाने उत्तर रचून आणतात, आणि ते लगेच ओळखू येते.

सूचना कशी लिहावी

‘सर्वांनी इतिहासाचा अभ्यास करून यावे’ ही सूचना नव्हे. तिच्यामुळे कोणी काही करत नाही. सूचनेत काम एकच असावे, वार आणि तासिका असावी, आणायची वस्तू असावी. अशी :

‘आठवी ब. सोमवार, तिसरा तास. इतिहासाची वही आणि ज्येष्ठांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर (किमान चार ओळी). ज्यांच्या घरी ज्येष्ठ कोणी नाही त्यांनी शेजारी विचारावे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. अडणाऱ्या मुलाला वाट दाखवली नाही तर ते सोमवारी गैरहजर राहते.

सूचना दोनदा द्या, तिसऱ्यांदा नको. पहिली काम देताना, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून वहीत उतरवून घ्या. दुसरी आदल्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सातनंतर. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कारखान्यावर असतो, म्हणून दुपारी टाकलेला मेसेज रात्रीपर्यंत इतर मेसेजखाली गाडला जातो. फळ्याचा फोटो टाकू नका, मजकूर टाइप करा. फोटो धूसर येतो आणि पुढे वाचून दाखवायला अडचण होते. ज्यांनी वही दिली नाही त्यांची नावे किंवा कोणाचे गुण ग्रुपवर कधीही टाकू नयेत, ते वहीतल्या शेऱ्यात लिहावे.

तास बुडतो तेव्हा

निवडणुकीचे काम, प्रशिक्षण, आजारपण यांत तास बदली शिक्षकाकडे जातो आणि वर्ग नुसता शांत बसवला जातो. स्टाफरूमच्या कपाटात प्रत्येक इयत्तेचे एक पाकीट ठेवा : आठ-दहा ओळींचा उतारा, त्यावर चार प्रश्न, आणि बदली शिक्षकासाठी दोन ओळी. उतारा चालू पाठातला नको, झालेल्या पाठातला घ्या, म्हणजे विषय नसलेल्या शिक्षकालाही तास घेता येतो. वापरलेले पाकीट त्याच शुक्रवारी पुन्हा भरा.

मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की तासिका आखूड होतात. आठवी-नववीच्या कागदावर तेव्हा दर तासाला एकच कृती ठेवा आणि लिखाण पहिल्या दोन तासांत येईल असे वेळापत्रक मागून घ्या. अकरानंतर पत्र्याखालच्या वर्गात मुलांच्या हाताला घाम सुटतो आणि वहीची पाने ओली होतात.

दोन तासिकांनी मागे पडलात तर पाठातली उदाहरणे कमी करा, लेखनाचा तास ठेवा. चारने मागे पडलात तर सोप्या पाठांपैकी एक पाठ गटांत वाटा : प्रत्येक गटाला दोन पाने, एक संकल्पनाचित्र आणि मांडायला पाच मिनिटे. सहा गटांचा पाठ दोन तासांत होतो.